एका घरातली चार तोंडे: निपाणी परिसरातील दंतरोगांच्या बदलत्या चित्राचा प्रकरण अभ्यास

जून २०२३ मध्ये, शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले असताना, निपाणी तालुक्यातील एका गावातून सात वर्षांच्या एका मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी दवाखान्यात आल्या. मुलाचा डावा गाल सुजला होता, रात्रभर दाढ ठणकत होती आणि घरी लवंग ठेवून, मिठाच्या पाण्याच्या चुळा भरून झाल्या होत्या. तक्रार एका दाढेची होती. पण त्या दिवशी आणि पुढच्या महिनाभरात त्या घरातील चौघांची तोंडे तपासली गेली आणि त्यांतून जे दिसले ते एका दाढेपुरते राहिले नाही. बेळगाव जिल्ह्याच्या या सीमाभागात दात आणि हिरड्यांचे रोग गेल्या साठ-सत्तर वर्षांत कसे सरकत गेले, याची एक साखळीच त्या एका घरात नांदत होती. घरच्यांची संमती घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ते प्रकरण येथे मांडले आहे.

मुलाचे तोंड

सात वर्षांच्या मुलाच्या तोंडात दुधाचे दात आणि कायमचे दात एकत्र असतात, म्हणून दोन्हींची नोंद वेगळी करावी लागते. या मुलाच्या दुधाच्या आठ दाढांपैकी सहा किडलेल्या होत्या आणि वरच्या पुढच्या दातांपैकी उरलेले दोन्ही दुधाचे दात हिरडीच्या कडेला पोखरले गेले होते. खालच्या डाव्या बाजूच्या एका दाढेचा वरचा भाग जवळजवळ नाहीसा झाला होता आणि तिच्या मुळाशी हिरडीवर पुटकुळी आली होती; गालाची सूज तिचीच होती. याहून अधिक काळजीची गोष्ट पालकांच्या लक्षातही आली नव्हती, ती म्हणजे खालच्या दोन्ही बाजूंच्या ‘सहा वर्षांच्या दाढा’. दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता या दाढा उगवतात, त्यामुळे त्या दुधाच्याच आहेत असे समजून बहुतेक घरांत त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्या उगवून वर्ष झाले होते आणि त्यांच्या खाचांत कीड शिरली होती. आयुष्यभर पुरायच्या दाढा पहिल्याच वर्षी किडल्या होत्या. आठ किडलेले दुधाचे दात, दोन किडलेल्या कायमच्या दाढा आणि भरलेला दात एकही नाही, अशी ती नोंद झाली.

आईने सांगितले की मुलगा रोज सकाळी दात घासतो आणि चॉकलेट त्याला घरात कोणी देत नाही. ते खोटे नव्हते. अशा वेळी ‘काय खातो’ हे विचारून फारसे हाती लागत नाही, कारण आई आठवून आठवून भाकरी, भाजी, दूध, भात असेच सांगते. ‘किती वेळा’ हे विचारावे लागते, आणि तेही आठवणीवर सोडून चालत नाही. म्हणून आईला, म्हणजे आजीच्या सुनेला, एक सोपे काम दिले. मुलाच्या तोंडात कोणतीही गोड वस्तू गेली, मग ती घोटभर चहा असो वा गुळाचा खडा, की एका वाटीत एक चिंचोका टाकायचा आणि रात्री मोजून वहीत आकडा लिहायचा. शाळेतले तिला दिसणार नव्हते, ते मुलानेच घरी येऊन सांगायचे ठरले. तीन दिवसांचे आकडे आले ते असे: नऊ, अकरा, आठ.

त्या चिंचोक्यांचा हिशेब पुढे मांडला तेव्हा घरच्यांनाही नवल वाटले. सकाळी उठल्यावर साखरेचा चहा आणि त्यात बुडवलेला टोस्ट. शाळेला निघताना हातावर गुळाचा खडा आणि शेंगदाणे. मधल्या सुटीत शाळेसमोरच्या टपरीवरची पाच रुपयांची पुडी, कधी क्रीमची बिस्किटे, कधी रंगीत गोळ्या. दुपारी घरी आल्यावर पुन्हा चहा, कारण आजी चहा घेते तेव्हा नातू तिच्या मांडीवर असतो. संध्याकाळी खेळताना पुन्हा बिस्किटे, रात्री झोपताना साखर घातलेले दूध. यात चॉकलेट खरोखरच नव्हते.

दात किडण्याची क्रिया समजावून सांगताना याच चिंचोक्यांचा उपयोग झाला. दातांवरच्या चिकट थरातले जंतू साखर मिळताच काही मिनिटांत आम्ल तयार करतात. त्या थराची आम्लता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, म्हणजे त्याचा पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला, की दाताच्या कवचातील खनिज विरघळू लागते. मग लाळ ते आम्ल हळूहळू निष्प्रभ करते आणि खनिज परत बसू लागते, पण त्याला अर्धा तास ते तासभर लागतो. म्हणजे एकाच बैठकीत खाल्लेली मोठी वाटीभर खीर ही दाताच्या दृष्टीने एक वेळ, आणि तेवढीच साखर दिवसभरात नऊ वेळा थोडी थोडी पोटात गेली तर नऊ वेळा. या मुलाचे दात दिवसातले चार-पाच तास आम्लात बुडलेले होते, आणि रात्रीच्या दुधानंतरचा काळ त्याहून वाईट, कारण झोपेत लाळ फारच कमी सुटते. गोडाच्या मात्रेपेक्षा जेवणांच्या मधल्या वेळांतले चिकट गोड अधिक घातक ठरते, हे स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथे १९४५ नंतरच्या वर्षांत दिसून आले. मात्र ते प्रयोग एका संस्थेतील मतिमंद रुग्णांवर, त्यांना मुद्दाम चिकट टॉफी देऊन केले गेले होते, आणि या ज्ञानाची किंमत कोणी मोजली हे लपवून ते सांगणे मला बरे वाटत नाही.

गुळाबद्दल मात्र घरात बराच वाद झाला. हा पट्टा उसाचा आहे. निपाणीजवळ हालसिद्धनाथ, संकेश्वरला हिरण्यकेशी, असे साखर कारखाने आहेत आणि हंगामात गुऱ्हाळेही चालतात. घरचा गूळ हा इथे मायेचा पदार्थ आहे, त्याला कोणी ‘गोड खाणे’ म्हणत नाही. गुळात लोह असते, साखरेसारखी रसायने नसतात, म्हणून त्याने दात किडत नाहीत, असे आजीचे ठाम मत होते. पण गुळाचाही मोठा भाग उसाची साखरच असतो, तो साखरेच्या दाण्यापेक्षा चिकट असतो आणि दाढेच्या खाचेत अधिक वेळ राहतो. जंतूंना त्यातील लोहाशी कर्तव्य नसते. शेवटी ठरले ते असे, की गूळ बंद करायचा नाही, तो जेवणाच्या ताटातच, भाकरीबरोबर खायचा.

तरीही एक प्रश्न उरत होता. दिवसाला आठ-नऊ वेळा गोड खाणारी मुले या भागात पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्यांच्या सहा वर्षांच्या दाढा वर्षभरात पोखरल्या जात नाहीत. काही तरी संरक्षण इथे कमी पडत होते. त्याचे उत्तर आईच्या तोंडात सापडले.

आईचे दात

सुनेचे वय चौतीस. ती बोलताना पदर ओठांवर घ्यायची, हसताना तर नक्कीच. तपासणीसाठी तिने तोंड उघडले तेव्हा कारण कळले: वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे होते आणि बाकीच्या दातांवर खडूसारखे पांढरे डाग. लग्न होऊन आल्यावर गावातल्या बायकांनी ती पान खाते की मशेरी लावते, असे विचारले होते. तिचे माहेर बागलकोट जिल्ह्यात, हुनगुंदच्या बाजूला, आणि तिचे लहानपण बोअरच्या पाण्यावर गेलेले. तो आणि त्याच्या शेजारचा गदग, कोप्पळ, रायचूरचा कोरडा मुलूख भूजलातील जादा फ्लोराइडसाठी ओळखला जातो. कायमचे दात हिरडीखाली घडत असतात ती वर्षे, म्हणजे जन्मापासून साधारण आठव्या वर्षापर्यंतची, असे पाणी पिण्यात गेली तर दाताचे कवच डागाळलेले उगवते. हा रोग पुढे बरा होत नाही आणि वाढतही नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅम ठेवली आहे.

पण या बाईच्या तोंडात किडलेला दात फक्त एक होता. चौतीस वर्षांत एक. दात डागाळणारे तेच फ्लोराइड त्यांना किडीपासून राखतही होते.

तिच्या माहेरच्या शाळेत आरोग्य खात्याची माणसे येत, बोअरवर लाल खूण करून जात, आणि ‘फ्लोराइड म्हणजे विष’ हे वाक्य तिने लहानपणी शंभरदा ऐकले होते. ते तिने जन्माचे लक्षात ठेवले. म्हणून स्वतःच्या मुलांसाठी टूथपेस्ट घेताना ती वेष्टन वाचायची आणि फ्लोराइड नसलेली, थोडी महागच असलेली ‘वनौषधींची’ पेस्ट निवडायची. बाकी कोणत्याही बाबतीत इतक्या काळजीने वेष्टन वाचणारी आई मी क्वचितच पाहिली आहे. आणि इथेच गाठ बसली. तिचे सासर वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यात आहे, घरात नळाला नदीचे पाणी येते. घरच्या पाण्याचा नमुना तपासून घेतला तेव्हा त्यात फ्लोराइड लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम निघाले. वाहत्या नदीच्या पाण्यात ते सहसा कमीच असते. म्हणजे मुलांना पाण्यातून संरक्षण नव्हते, पेस्टमधून मिळू शकले असते, तर तेही काळजीपोटी बंद केलेले होते. हुनगुंदला शहाणपणाचा असलेला सल्ला लग्नाच्या वरातीबरोबर निपाणीला आला आणि इथे तो उलटा पडला.

या गोष्टीत आईची चूक धरणे मला अन्यायाचे वाटते. तिला मिळालेली सूचना तिच्या गावापुरती बरोबर होती. सूचना देणाऱ्याने ‘या बोअरच्या पाण्यात’ हे शब्द गाळून फक्त ‘फ्लोराइड’ म्हटले. दातांवर लावण्याचे फ्लोराइड आणि गिळण्याचे फ्लोराइड यांतला फरक तिला कोणी सांगितलाच नव्हता. तो समजावून दिल्यावर तिने मान्य केले की सुमारे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची साधी, स्वस्त पेस्ट आणायची. घरातल्या धाकट्या, चार वर्षांच्या मुलीसाठी वाटाण्याएवढी, ती थुंकायची, पण नंतर पाण्याने खळखळून चुळा भरायच्या नाहीत, म्हणजे थोडे फ्लोराइड दातांवर राहील. आणि रात्री झोपण्यापूर्वी घासल्यावर पाण्याशिवाय काही नाही. रात्रीचे गोड दूध जेवणाबरोबर सरकवायला तिला पंधरा दिवस लागले.

आजी

आजीचे वय एकाहत्तर. तिच्या तोंडात बत्तीसपैकी तेरा दात उरले होते. हिरड्या मुळांपर्यंत मागे सरकलेल्या, दात आतून काळेभोर, आणि खालच्या ओठाच्या आत, जिथे ती रोज बोटाने मशेरी फिरवते तिथे, सुरकुतलेला पांढरट चट्टा. उघड्या पडलेल्या मुळांपैकी तीन किडलेली होती.

निपाणी हे तंबाखूचे, विशेषतः विडीच्या तंबाखूचे गाव म्हणून ओळखले जाते. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथल्या महामार्गावर जे मोठे आंदोलन केले त्याच्या आठवणी आजीच्या पिढीत अजून ताज्या आहेत. आजी बाराव्या-तेराव्या वर्षापासून तंबाखूच्या वखारीत कामाला जात असे. वखारीतून पदराला बांधून आणलेला चुरा तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, पाट्यावर वाटायचा आणि डबीत भरून ठेवायचा. सकाळी पोट साफ होण्यासाठी, दुपारी काम संपल्यावर आणि रात्री जेवणानंतर तो दातांना चोळायचा. तिच्या मते तिने दात घासणे कधीच चुकवले नाही, आणि तिच्या हिशेबाने ते खरेही आहे, कारण मशेरीला ती दंतमंजनच समजते. आयुष्यात राखुंडी, मशेरी आणि सणासुदीला कडुलिंबाची काडी, यांपलीकडे काही तिच्या दातांना लागलेले नाही. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर आणि पेस्टवर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली, पण ती बाजारात विकल्या जाणाऱ्या मंजनाला लागू होते. तव्यावर घरी भाजलेल्या तंबाखूला कोणता कायदा लागणार?

गेलेल्या एकोणीस दातांबद्दल विचारले तेव्हा आजीने बोटांवर मोजत सांगितले, ‘‘चार दुखून काढले. बाकीचं आपोआप. हलाय लागलं, हललं, हललं, आणि एक दिवस भाकरीत आलं.’’ हे वाक्य दंतरोगांचे आकडे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. किडलेले, किडीमुळे गमावलेले आणि भरलेले दात यांची बेरीज करून जो निर्देशांक जगभर वापरला जातो, त्यात तिशीच्या पुढच्या माणसाचा गेलेला दात कशामुळे गेला याचा भेद केला जात नाही. हिरडी खचून पडलेला दातही त्याच खात्यात जमा होतो. आजीचा निर्देशांक म्हणून २२ भरतो, पण त्यातले पंधरा दात हिरड्यांच्या रोगाचे आहेत. तिच्या बालपणी घरात साखर गौरी-गणपतीला आणि दिवाळीला यायची. दात पोखरायला लागणारा चिकट गोडाचा मारा तिला मिळालाच नाही. मशेरी बंद करण्याचा विषय काढला तेव्हा तिने सुनेकडे पाहून सांगितले की आता सोडून काय करायचे. बऱ्याच बोलण्यानंतर तिने दुपारची आणि रात्रीची मशेरी सोडली. सकाळची सोडलेली नाही. पांढऱ्या चट्ट्याची दर सहा महिन्यांनी तपासणी मात्र तिने मान्य केली. कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना मोफत कवळी देणारी दंतभाग्य योजना आहे हे तिला सांगितले, तेव्हा कवळी घालून भाकरी चावता येत नाही, असे शेजारणीने सांगितले आहे म्हणून तिने ती नाकारली.

मुलाचे वडील

आईसोबत ते पहिल्यांदा आले नाहीत. तिसऱ्या भेटीला सुनेने त्यांना बळेच आणले, कारण ‘‘घरात तिखट खाईनासे झालेत, चटणी वेगळी करावी लागते’’. कोल्हापुरी कांदा-लसणाची चटणी ज्या घरात रोजच्या ताटात असते तिथे घरधन्याला ती न सोसणे ही बाब सहज लक्षात येते. दोन वर्षांपूर्वी ते एका दवाखान्यात गेले होते. तिथे तोंड आले आहे, उष्णता वाढली आहे, असे सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि तोंडात लावायचे मलम दिले गेले, आणि तेच दोन वर्षे चालू राहिले. त्या दोन वर्षांत तोंड किती उघडते हे एकदाही मोजले गेले नाही. मोजायला पट्टी लागते, आणि तीही नसेल तर रुग्णाची स्वतःची बोटे पुरतात: निरोगी माणसाच्या पुढच्या दातांमध्ये त्याची तीन बोटे उभी मावतात. यांची जेमतेम दीड मावली. पट्टीने मोजले तर अंतर २३ मिलिमीटर भरले. गालांची आतली त्वचा संगमरवरासारखी फिकट, बोट फिरवले तर आत ताठ दोऱ्या लागत होत्या.

याला तोंडातील सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. मुंबईचे डॉ. स. ग. जोशी यांनी १९५३ मध्ये भारतीय रुग्णांमध्ये त्याचे वर्णन करून त्याला हे नाव दिले. त्याचे कारण सुपारी आहे, आणि हीच गोष्ट या रुग्णाला माहीत नव्हती. २०१२ मध्ये महाराष्ट्रात आणि २०१३ मध्ये कर्नाटकात गुटख्यावर बंदी आली, त्यानंतर बाजाराने वाट काढली: सुपारीचा पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि दोन्ही टपरीवर शेजारी शेजारी टांगलेल्या. वडिलांनी तीन वर्षांपूर्वी मुलाच्या वाढदिवसाला तंबाखूची पुडी सोडली आणि आपण व्यसन सोडले असे मानून नुसता पानमसाला चालू ठेवला. त्यांच्या दृष्टीने घातक ते सोडून झाले होते. प्रत्यक्षात गालाच्या आतला थर ताठ करणारे द्रव्य, सुपारीतील अरेकोलीन, त्यांनी तसेच ठेवले होते, दिवसाला आठ-दहा पुड्यांच्या हिशेबाने. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये जाहीर केले. केरळातील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर सतरा वर्षे लक्ष ठेवले गेले तेव्हा त्यांतील ७.६ टक्के जणांना तोंडाचा कर्करोग झालेला आढळला.

पुडीचे मूळ कामात होते. ते उसाच्या वाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतात. हंगामात कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोहोचायला रात्रभर रांगेत थांबावे लागते, झोप लागली तर नंबर जातो, आणि जागे राहायला पुडीसारखे स्वस्त दुसरे काही नाही. त्यांना नुसते ‘सोडा’ म्हणणे सोपे आहे. भाजलेले फुटाणे आणि वेलदोडा खिशात ठेवणे, रांगेत आळीपाळीने झोपायला सोबती ठरवणे, अशा गोष्टी त्यांच्याशी बसून ठरवाव्या लागल्या. गालाच्या नमुन्याच्या तपासणीत कर्करोग निघाला नाही. इंजेक्शनांसाठी आणि तोंड उघडण्याच्या व्यायामासाठी त्यांना दंत महाविद्यालयात पाठवले. आईस्क्रीमच्या काड्या एकमेकींवर रचून दातांमध्ये धरायच्या आणि दर आठवड्याला एक काडी वाढवायची, हा व्यायाम त्यांनी नेटाने केला. सहा महिन्यांत २७ मिलिमीटर झाले. हंगाम आला, पुडी परत आली, अंतर २५ वर आले. आता पुन्हा सुटली आहे.

घराची सरासरी आणि देशाची सरासरी

चौघांच्या कायमच्या दातांचा निर्देशांक मांडला तर आजी २२, वडील ३, आई १, मुलगा २. सरासरी सात. हा सातचा आकडा घरातल्या एकाही माणसाबद्दल काही खरे सांगत नाही. वडिलांचा तीन हा आकडा तर चांगलाच दिसतो, आणि चौघांत जिवाला धोका असलेले तोंड तेच आहे. ताठ झालेला गाल दातांच्या निर्देशांकात मोजला जात नाही.

देशाच्या आकड्यांचेही थोडेफार असेच होते. भारतीय दंत परिषदेने २००२–०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५० टक्के, बारा वर्षांच्यांपैकी ५२.५ टक्के आणि ३५ ते ४४ वयोगटातील ७९.२ टक्के लोकांना दंतक्षय आढळला. ६५ ते ७४ वयोगटात निर्देशांकाची सरासरी १४.९ होती. बारा वर्षांच्या मुलांची सरासरी १.८ होती, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००० सालापर्यंत गाठायचे उद्दिष्ट ३ किंवा त्याहून कमी असे ठेवलेले होते. म्हणजे कागदावर आपण उत्तीर्ण. पण त्या १.८ मध्ये किडलेले पण कधीच न भरलेले दातच मुख्यतः आहेत; श्रीमंत देशांत त्याच आकड्याचा मोठा भाग भरलेल्या दातांचा असतो. सरासरी कमी असण्याचा आणि दात राखले जाण्याचा एकमेकांशी संबंध जोडण्यापूर्वी बेरजेतले किडलेले, गेलेले आणि भरलेले दात वेगळे करून पाहिले पाहिजेत. या मुलाच्या दोन किडलेल्या दाढा धरूनही त्याचा आकडा उद्दिष्टाच्या आतच राहतो.

तंबाखूच्या बाबतीत उतार दिसतो तो खरा आहे. प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार कर्नाटकात कोणत्याही रूपात तंबाखू घेणाऱ्यांचे प्रमाण २००९–१० मधील २८.२ टक्क्यांवरून २०१६–१७ मध्ये २२.८ टक्क्यांवर आले. पण तंबाखू सोडून नुसता पानमसाला खाणारा या घरातला पुरुष त्या उतारात सुधारणा म्हणून मोजला जाईल, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर आहे आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. आजीचे दुखणारे चार दात कोल्हापुरात काढले गेले, वडिलांची गालाची तपासणी बेळगावात झाली, मुलाच्या शाळेतील आरोग्य तपासणीचे कार्ड कन्नडमध्ये आहे आणि आजीला ते वाचता येत नाही म्हणून तिने ते देव्हाऱ्यामागे ठेवलेले होते. त्या कार्डावर ‘दंतक्षय, पुढे पाठवावे’ अशी खूण एक वर्षापूर्वीच केलेली होती, हे कन्नड वाचणाऱ्या सुनेलाही ते कार्ड हाती आल्यावरच कळले. मराठी शाळेत आजीच जाऊन ते घेऊन आली होती. २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरून राजकारण बरेच तापले. कागद एकाच घरात, तीन भाषांत आणि दोन राज्यांत विखुरलेले असताना कोणाचा दात कधी किडला याचा माग कोणत्याच आकडेवारीत सलग लागत नाही.

उपचार आणि पाठपुरावा

मुलाची पुटकुळी आलेली दाढ काढली आणि नंतर येणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखण्यासाठी तिथे तारेची छोटी चौकट बसवली. दोन्ही कायमच्या दाढा ग्लास आयनोमर सिमेंटने भरल्या. उरलेल्या दुधाच्या दाढांवर आणि पुढच्या दोन दातांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचे ३८ टक्क्यांचे द्रावण लावले. त्याचा एक थेंब छोट्या कुंचल्याने मिनिटभर लावला की कीड बहुतेक वेळा जागच्या जागी थांबते, ना इंजेक्शन लागते ना यंत्र. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. त्याचा एकच दोष आहे: किडलेला भाग कायमचा काळा पडतो. हे आधीच सांगितले तेव्हा सून गप्प झाली, तिला स्वतःचे डाग आठवले असावेत. आजीने तोंड उघडून नातवाला आपले दात दाखवले आणि म्हणाली, ‘‘माझे बी दात काळंच हाईत की. काय बिघडलं?’’ मुलगा हसला आणि खुर्चीत बसला. मशेरीने काळ्या झालेल्या दातांचा असा उपयोग होईल असे मला कधी वाटले नव्हते. वर्षभरात ते पुढचे दोन दात पडून कायमचे दात आले.

चिंचोके दर तीन महिन्यांनी तीन दिवस मोजायचे ठरले होते. पहिल्या वर्षाअखेर आकडा पाचपर्यंत उतरला. जत्रेच्या आठवड्यात तो चौदावर गेला होता आणि सुनेने तो न लपवता वहीत लिहिला. शाळेसमोरची टपरी तिथेच आहे. नव्या दाढांत कीड आढळली नाही.

जून २०२५ च्या भेटीत धाकटी मुलगी सहा वर्षांची झाली होती. तिच्या चारही सहा वर्षांच्या दाढा उगवल्या होत्या, एकीचा मागचा कोपरा अजून हिरडीखाली होता. तिन्ही पूर्ण उगवलेल्या दाढांच्या खाचा सिमेंटने बुजवल्या, चौथीसाठी तीन महिन्यांनी बोलावले. आजीचा चट्टा होता तेवढाच आहे. वडिलांचे अंतर २६ मिलिमीटर भरले, आणि पुढची मोजणी हंगाम सुरू होण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास ठरली. सगळे उठून निघाले तेव्हा सून मागे थांबली. पुढच्या दातांवरचे तपकिरी पट्टे झाकता येतात का, आणि त्याला खर्च किती येतो, हे तिने पहिल्यांदाच विचारले.